शेवटचा हात

मेल चार ओळींचा होता आणि त्यातल्या तीन ओळी सौजन्याच्या होत्या. जपानमधल्या कुठल्याशा विद्यापीठातून एका मुलीने लिहिलं होतं की डॉक्टर पेडणेकरांचा लेख तिला फार आवडला, त्यात दिलेल्या कृतीप्रमाणे ती चार महिने नळ्या करून पाहते आहे, पण बाटलीतलं द्रावण पिवळं ते पिवळंच राहतं. दोष अर्थातच तिच्या हाताचा असणार. चौथी ओळ म्हणजे एक साधा प्रश्न होता: आपण आपल्या बाटल्या कशा धुता, ते कृपा करून कळवाल का? अपेक्षा पेडणेकरने चहाचा कप उचलला आणि तोंडाशी न नेताच परत खाली ठेवला. दुपारचे साडेतीन वाजले होते. खिडकीबाहेर परळचा रस्ता नेहमीसारखा बोंबलत होता, समोरच्या टॉवरच्या काचा चमकत होत्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं तिचं झालं. कारण गेले आठ महिने तिच्या स्वतःच्या प्रयोगशाळेतही नळ्या होत नव्हत्या, आणि हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. आधी तिने सुरुचीचा हात वाईट ठरवला. सुरुची तिची पीएचडीची विद्यार्थिनी, बिचारी दोनदा रडली. मग तिने रसायनांची कंपनी बदलली, हवेतल्या दमटपणाला दोष दिला, स्वतः कोट घालून उभी राहिली. द्रावण तिच्याकडे बघत पिवळंच राहिलं.

तिचं सगळं नाव त्या नळ्यांवर उभं होतं. कडीसारखे रेणू होते ते, सहा कोपऱ्यांची कडी आणि मध्ये भोक. अशा कड्या द्रावणात सोडल्या की त्या एकमेकींना शोधत, एकीवर एक चढत, आणि त्यांची नळी होई. केसाचे वीस हजार उभे काप केले तर त्यातल्या एकाएवढी बारीक, पण लांबीला हजारो कड्यांची. कोणी ओवायचं नाही, कोणी चिकटवायचं नाही. द्रावण पिवळ्याचं केशरी होई, मग घट्ट, आणि बाटली उलटी केली तरी थेंब खाली पडत नसे. दादरला तिचा सत्कार झाला तेव्हा तिने हे मराठीत समजावून सांगितलं होतं. तिने हातातल्या बांगड्या काढून एकीवर एक रचल्या होत्या, बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि सगळ्यांत जास्त टाळ्या एका शब्दाला पडल्या होत्या: आपोआप. हे सगळं आपोआप होतं, ती म्हणाली होती. वर्तमानपत्राने तोच मथळा केला. आता तीन आठवड्यांनी निवड समिती येणार होती. मनमोहन सर निवृत्त होत होते आणि विभागप्रमुखाच्या जागेसाठी तिचं एकटीचं नाव होतं. समितीपुढे ठेवायला तिच्याजवळ दुसरं काय होतं? तो एक लेख होता, आणि आता तो लेख खोटा ठरत होता.

बाटल्या कशा धुता. तिने प्रश्न पुन्हा वाचला आणि तिला कळलं की आपल्याला हे माहीत नाही. लेखात रसायनांचं वजन चार दशांशांपर्यंत दिलं होतं, तापमान दिलं होतं, ढवळायचा वेग दिला होता. बाटल्यांबद्दल एक शब्द होता: ‘स्वच्छ’. आता बाटल्या यंत्रात धुतल्या जात. संस्थेने ते गेल्या दिवाळीनंतर आणलं होतं. त्याआधी बाटल्या प्रयोगशाळेतला शिपाई धोंडू धुवायचा. गेल्या दिवाळीला तो निवृत्त झाला. इथपर्यंत विचार आला आणि तिने लॅपटॉप मिटला. ती दिवाळी आणि हे आठ महिने, दोन्ही तिच्या डोक्यात शेजारी शेजारी ठेवलेलेच होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण कळसा दिसायला काखेकडे बघावं लागतं, आणि धोंडूकडे बघायचं नाही ही तिची चौदा वर्षांची सवय होती.

कारण धोंडू हा नुसता धोंडू नव्हता. नायगावच्या बीडीडी चाळीत पेडणेकरांच्या खोलीसमोरची खोली घाडींची, आणि धोंडू घाडी म्हणजे तिचे धोंडूकाका. तिचे वडील गिरणीत सूत कातायच्या रिंगखात्यात होते. गिरणी बंद पडल्यावर ते वॉचमन झाले, आई मसाल्याच्या कारखान्यात लागली, आणि शाळेतून आलेली अपेक्षा पाच वर्षं घाडींच्या घरी मालनकाकीच्या हातचं जेवली. पितळेच्या ताटात जेवायची ती. आपला चेहरा दिसेल असं लखलखीत ताट, त्यात भात आणि बांगड्याचं तिकलं, माशाचं झणझणीत कालवण. संस्थेत पीएचडीची जागा निघाल्याचं कात्रण धोंडूकाकांनीच खिशातून आणलं होतं. ‘आमच्या सायबांकडे जागा असा. भर गो फॉर्म, घाबरतंस कित्याक?’ आणि पहिल्या दिवशी, मनमोहन सर तिला प्रयोगशाळा दाखवत असताना, दारातून बाटल्यांचा ट्रे घेऊन तेच आले होते. खाकी कपडे, पायात रबरी चपला. त्यांनी तिच्याकडे बघितलं, त्यांचं तोंड उजळलं, आणि तिच्या ओठावर ‘काका’ येऊन थांबलं. सर म्हणाले, ‘हा आपला धोंडू. काचेचं काही हवं असेल तर त्याला सांगायचं.’ सर गिरगावातल्या जुन्या घराण्यातले, आवाज मऊ. त्यांच्या शेजारी दोन मुली उभ्या होत्या, एक पुण्याची, एक पार्ल्याची. एका क्षणाचा प्रश्न होता. अपेक्षा म्हणाली, ‘बरं. धोंडू, मला बारा बाटल्या लागतील.’ ट्रे जरासा खणखणला. मग ते म्हणाले, ‘हो, मॅडम.’

त्या संध्याकाळी ती चाळीत परतली. धोंडूकाका बनियनवर गॅलरीत उभे होते. ते म्हणाले, ‘अपू, चाय घेतलंस काय गो?’ बस्स, एवढंच. त्याबद्दल त्या दिवशी कोणी काही बोललं नाही, पुढे चौदा वर्षांत कोणी काही बोललं नाही. दोघांनी मिळून एक करार केल्यासारखं ते चालू राहिलं, पण करार कसला, करून घेतला तो तिने आणि पाळला त्यांनी. मनातल्या मनातसुद्धा तिची भाषा बदलायची. नायगावातून सकाळी निघताना ‘ते’ असत. हिंदमाताचा पूल ओलांडला की ‘तो’ होत. संध्याकाळी परतताना पुलापाशी पुन्हा ‘ते’. पुढे वडील गेले, लग्न झालं, ती ठाण्याला राहायला गेली, आईलाही तिकडे नेलं, आणि पुलापलीकडे जायचं कारण उरलं नाही. मग धोंडू ‘तो’च राहिला. निवृत्तीच्या दिवशी तिने सगळ्यांबरोबर सही केलेलं कार्ड दिलं आणि हात जोडले. पाया पडायचं होतं. पण वाकायचं कसं, सगळे बघत होते.

साडेचारला ती उठली आणि चालत निघाली. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, ती काकांची ख्यालीखुशाली विचारायला चालली नव्हती, बाटल्या विचारायला चालली होती. तरी वाटेत तिने पेढे घेतले. हिंदमातापाशी पुलाखालून जाताना तिला चुंबळीची आठवण झाली. फार जुनी गोष्ट होती ती. नळ्या अजून झाल्या नव्हत्या, नुसती कल्पना होती तेव्हाची. दोघं एकटीच होती प्रयोगशाळेत, आणि ट्रे ठेवता ठेवता धोंडूने विचारलं होतं, मॅडम, तुम्ही हे करता काय नक्की? तिने कागदावर कड्या काढून दाखवल्या. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग, प्रयोगशाळेत एकदाच, घरच्या बोलीत म्हणाला, ‘म्हंजे चुंबळीर चुंबळ.’ कोळणी टोपलीखाली डोक्यावर ठेवतात ती कापडाची वळलेली कडी. एकीवर एक ठेवत गेलं की मध्ये आरपार भोक राहतं. इतकं नेमकं कोणी सांगितलं नव्हतं. तिला ते इतकं आवडलं की तिने दादरच्या भाषणात ते घालायचं ठरवलं होतं, आणि मग आयत्या वेळी बांगड्या काढल्या. चुंबळ म्हटलं तर लोक विचारतील, हे सुचलं कोणाला. तेव्हा असं काही मनात आलं नव्हतं, बांगड्या दिसायला बऱ्या म्हणून घेतल्या, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. आता पुलाखाली उभं राहून तिला आपली लाज वाटली.

आपली चाळ दिसेल म्हणून तिने सवयीने डावीकडे पाहिलं, तर तिथे पत्र्याचं कुंपण होतं आणि वर नुसतं आभाळ. जिथे तिसऱ्या मजल्यावर ती झोपायची तिथून एक कबुतर उडत गेलं. घाडींना नव्या इमारतीत बाराव्या मजल्यावर घर मिळालं होतं. लिफ्टला नव्या प्लास्टिकचा वास होता. मालनकाकीने दार उघडलं, क्षणभर ओळखलं नाही, आणि मग कोपरापर्यंत लाल ओले हात तसेच वर धरून तिला आपल्या दंडांनीच कवेत घेतलं. ‘अगो बाय माझे! वाट चुकलंस की काय? अवो, बघा कोण इला ता!’ धोंडूकाका आतल्या खोलीतून आले. निवृत्तीनंतर वाळले होते. बनियन, लुंगी, नाकावर चष्मा. त्यांनी तिला पाहिलं, आणि त्यांचा हात नकळत बनियनवरून फिरला, जसा युनिफॉर्मची बटणं लावलीत ना हे बघायला फिरावा. ‘बसा, मॅडम,’ ते म्हणाले.

त्यांच्या घरात, चाळीत, गॅलरीत, कधी म्हणून त्यांनी तिला मॅडम म्हटलं नव्हतं. हा शब्द पुलाच्या पलीकडचा होता. तिने तो तिथे ठेवला होता आणि तिथेच राहील असं धरून चालली होती. ‘काका, मॅडम काय?’ ती हसून म्हणाली. काका हा शब्द तिच्या स्वतःच्या कानालाच उसना लागला. ते कसनुसं हसले आणि खुर्चीच्या कडेवर टेकले. मालनकाकी बोलतच होती. येत्या रविवारी वास्तुशांत ठेवली होती, गावाहून माणसं यायची होती, देवाची भांडी काळी पडली होती. ती परत खाली बसली. तिच्यापुढे समई, तांब्या, ताम्हण, आणि एका वाडग्यात लाल-काळं पाणी. तिने त्यातून भिजलेली सोलं, म्हणजे कोकमाची सालं, उचलली, समईवर घासली, आणि हात फिरला तिथे पितळ उघडं पडलं. खोलीभर आंबट वास होता. अपेक्षाच्या तोंडाला पाणी सुटलं, पाठोपाठ पितळेचं ताट आठवलं, आणि तिसरी गोष्ट आठवली ती एका बाटलीची. चार वर्षांपूर्वी एका धुतलेल्या बाटलीच्या तळाशी तिला गुलाबी झाक दिसली होती. तिला वाटलं होतं, उजेडाचा खेळ.

‘काकी, सोलांनी आंबट डाग जातात का गं?’ तिने विचारलं. प्रश्न चुकला होता, पण मालनकाकीला तेवढा पुरे होता. ‘आंबट कसले, पाण्याचे! ते पांढरे पडतत ना, टँकराचे, ते जातत. ह्येंका इचार. तुमच्या लॅबात पुडी बांधून घेवन जायत रोज. माका कढीक सोल गावना नाय, आणि ह्यांच्या खिशात आपली पुडी!’ ती हसली. धोंडूकाका हसले नाहीत. ‘मालन, गप ऱ्हव,’ ते म्हणाले. मग अपेक्षाकडे वळून, उभं राहून, त्यांनी बोली बदलली. ‘तसं काही नाही, मॅडम. ती काहीही बोलते. कोणी कंप्लेंट केलीय का?’

खरं तर ह्या क्षणी तिने त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवायला हवं होतं. पण तिच्या डोक्यात दुसरंच चाक फिरायला लागलं होतं. आम्ल. तिच्या कड्यांच्या आतल्या बाजूला नायट्रोजन होते. आम्लाचा कण मिळाला तर ते त्याला पकडतील, पकडला की कडी शेजारच्या कडीकडे ओढली जाईल, आणि एकदा ओढाओढ सुरू झाली की नळीच. कोकमात आम्ल असतं. कोकमाच्या पाण्याने विसळलेल्या बाटलीच्या काचेवर त्याचा नखभर, नखाच्या कणभर थर राहिला असेल. आपोआप झालेलं काहीच नव्हतं. ‘धोंडू, नीट सांग, शेवटी कशाने विसळायचास?’ ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला ऐकू आलं की आपण काय म्हणालो. नव्या घरात, त्यांच्या बायकोसमोर. मालनकाकीचा समईवरचा हात थांबला.

‘शेवटचा हात सोलांच्या पाण्याचा,’ धोंडूकाका खाली बघत म्हणाले. ‘रूल तोडला मी, मान्य आहे. पण डाग जात नव्हते, मॅडम. तुम्ही त्या दिवशी बोललात ना, ते दिल्लीचे पाहुणे आले होते तेव्हा. घरी अशाच ताटात जेवतोस का म्हणून. मग मी घरी येऊन बघितलं. घरचं ताट कसं निघतं, हिला विचारलं. आणि घरच्यासारखंच केलं.’ ते थांबले. ‘त्याच्याने काय बिघडलं का? पेन्शन अडकतली काय माझी?’ शेवटचं वाक्य त्यांचं त्यांनाच न कळता घरच्या बोलीत आलं.

तो दिवस तिला आठवत नव्हता असं नाही. फक्त तिने तो कधी काढून बघितला नव्हता. मे महिना होता, मुख्य जलवाहिनी फुटलेली, आठवडाभर टँकरचं पाणी. दोन वर्षं नळ्यांचा पत्ता नव्हता आणि पाहुणे खर्चाचा हिशेब मागितल्यासारखे प्रश्न विचारत होते. तिने एक बाटली दिव्यासमोर धरली, तिच्यावर पाण्याचे पांढरे ओघळ होते, आणि तिला राग काढायला जागा मिळाली. ‘धोंडू, डोळे फुटले का तुझे? घरी अशाच ताटात जेवतोस का?’ असं ती म्हणाली होती. सगळ्या संस्थेत एकट्या तिलाच माहीत होतं की तो घरी कसल्या ताटात जेवतो. तिने त्यात जेवून पाच वर्षं काढली होती. तो ‘सॉरी, मॅडम’ म्हणाला आणि ट्रे उचलून गेला. आणि पंधरा दिवसांनी एका सकाळी सुरुचीच्या आधी असलेल्या विद्यार्थिनीने ओरडत ओरडत केशरी बाटली आणली होती, उलटी धरून, थेंब न सांडता. त्या दिवशी धोंडूलाही पेढा मिळाला होता. त्याने तो कागदात बांधून मालनकाकीसाठी नेला होता.

निघताना तिने मालनकाकीकडे मूठभर सोलं मागितली. काकीने बरणीतून काढून दिली. दाराशी येऊन हळूच म्हणाली, ‘त्येंचा काय वाईट करू नको गो बाय. ह्या हातांनी जेवक वाढलंय तुका.’ अपेक्षाने ‘नाही काकी’ म्हटलं. धोंडूकाकांचं वाईट करायला आपण आलो असू असं ह्या बाईला वाटावं, ह्याचा तिला राग आला, आणि लिफ्ट सहाव्या मजल्यावर येईपर्यंत कळलं की रागावण्याचा हक्क आपल्याला नाही. खाली आल्यावर तिला हुंदका फुटला. पेढ्यांचा पुडा तिच्या हातातच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सहा बाटल्या मांडल्या. सगळ्या यंत्रातून धुतलेल्या. त्यातल्या तिघींच्या आतून सोलांच्या पाण्याचा शेवटचा हात फिरवला, निथळल्या, वाळवल्या. कड्यांचं द्रावण सहाही बाटल्यांत सारखं ओतलं. मग ती स्टुलावर बसून राहिली. तिच्या बोटांना तो वास होता. बसल्या बसल्या तिला वाटलं की आता हे न झालेलंच बरं. नाही झालं तर धोंडूकाका सुटतील, जपानच्या मुलीला ‘दमटपणा’ म्हणून कळवता येईल, वेळ मारून नेता येईल. झालं तर मात्र सगळं सांगावं लागेल. अकराच्या सुमारास डावीकडच्या, सोलांनी विसळलेल्या तिन्ही बाटल्यांत खालून, एखाद्याला हळूहळू लाज वाटावी तसा केशरी रंग चढायला लागला. सुरुची मागे येऊन उभी राहिली होती, तिला कळलंच नाही. साडेबाराला अपेक्षाने एकेक बाटली उलटी केली. उजवीकडच्या तिघी सांडल्या. डावीकडच्या थांबल्या. ‘मॅडम!’ सुरुची ओरडली. ‘म्हणजे माझा हात वाईट नव्हता!’ अपेक्षा म्हणाली, ‘नाही गं. तुझं काहीच चुकलं नव्हतं. मी उगाच बोलले तुला.’ माफी मागणं इतकं सोपं असतं, तर दुसऱ्यांदाही जमायला हवं होतं.

मनमोहन सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. चष्मा काढला, पुसला, आणि मग चक्क हसले. ‘नशीबवान आहेस, अपेक्षा. म्हणजे लेख खोटा नाही, अपुरा आहे. आता शुद्ध आम्ल घे, मोजून घाल, किती कमी पुरतं ते दाखव. दुसरा लेख होईल, पहिल्यापेक्षा मोठा. समितीला आवडेल.’ ‘आणि सोलं?’ तिने विचारलं. ‘ती कशाला? आमच्या घरीसुद्धा पितळेला चिंच लावत, म्हणून काय चिंचेवर लेख लिहायचा? अत्यल्प आम्ल, एवढं पुरे. शिपायाने कोकमाने बाटल्या धुतल्या म्हणालीस तर हसतील लोक. त्यालाही उगाच त्रास.’ सर वाईट नव्हते. ते म्हणत होते त्यात खोटं काही नव्हतंच. तेच तर अवघड होतं. ह्या वाटेने गेलं की सगळं हाताला लागत होतं: लेख, जागा, नवं नाव, आणि ती दुपार, तो वाडगा, ते वाक्य, सगळं ‘अत्यल्प’ ह्या शब्दात मावत होतं. मग सरांनी सहज विचारलं, ‘तो तुमच्याच बाजूचा ना? तुझ्या ओळखीतला होता का?’ चौदा वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. ‘आमच्या चाळीतले आहेत,’ ती म्हणाली. ‘समोरच्या खोलीतले.’ सर ‘अस्सं’ म्हणाले आणि पुन्हा आम्लाबद्दल बोलायला लागले. खोलीबाहेर आल्यावर तिला कळलं की आपण ‘काका’ म्हणालो नाही. ‘समोरच्या खोलीतले’ म्हणालो. अर्धं सांगून निम्मं परत झाकलं. कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहत नाही हे खरं, पण झाकणाऱ्याचा हात काही लवकर सुटत नाही.

तिने जपानच्या मुलीला उत्तर लिहायला घेतलं. ‘आमच्या बाटल्या,’ एवढं लिहून थांबली. किती सोलं, किती पाणी, किती वेळ, हात कसा फिरवायचा, किती निथळायच्या? तिचं स्वतःचं मोजमाप अंदाजपंचे होतं. कृती लिहायची तर ज्याची कृती त्यालाच विचारायला हवं होतं, आणि ज्याची कृती त्याचं नावही घालायला हवं होतं. तळटीपेत नाही, आभारात नाही. लेखकांत. ही गोष्ट तिच्या मनात आली तेव्हा ती दचकली, आणि थोड्या वेळाने ती गोष्ट तिथेच बसलेली तिला दिसली, घरातल्या माणसासारखी. तिने लेखाच्या दुरुस्तीच्या मसुद्यात आपल्या नावाच्या आधी लिहिलं: धोंडू रामा घाडी. मग मालनकाकीला फोन केला. पेन्शनचं काही नाही, उलट त्यांच्याकडून शिकायचंय, असं तीनतीनदा सांगितलं. काकी म्हणाली, ‘त्येंका सांगतंय. पण त्ये घाबरतले.’

वास्तुशांत झाल्यावर सोमवारी ते आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात पाहुण्याचा पास, हातात स्टीलचा डबा. डब्यात सोलं होती. ज्या दारातून ते तीस वर्षं आत-बाहेर करत होते त्या दारात ते थांबले आणि चपला काढू लागले. सुरुचीने अडवलं, तेव्हा तशाच अर्ध्या घातलेल्या चपलांनी ते बेसिनपाशी गेले. बेसिनशी गेल्यावर मात्र त्यांचे खांदे सैल झाले. बाह्या दुमडल्या. बाटल्या हातात घेतल्या त्या एका वेळी चार, बोटांच्या बेचक्यांत धरून, एकही दुसरीला न लागता. आधी साबण, मग गरम पाणी, मग सोलांचं पाणी, आणि तेही नुसतं ओतायचं नाही. बाटली आडवी धरून मनगटाने एक गोल फेरा, तोंडापासून तळापर्यंत, सगळीकडून सारखा. सुरुची सोलं वजन करून टिपत होती, सेकंद मोजत होती. मनमोहन सर हात मागे बांधून सूक्ष्मदर्शकापाशी उभे होते, आणि त्यांच्यासोबत विभागातली आणखी चार-पाच माणसं, तमाशा बघायला आलेली. कोणी हसलं नाही. तो गोल फेरा बघताना अपेक्षाला वाटलं, प्रत्येक बाटलीत ह्या माणसाने आधी एक कडी काढून ठेवली, आणि माझ्या कड्या तिच्यावर येऊन बसल्या.

आता, तिने मनाशी म्हटलं. पाठमोरे धोंडूकाका शेवटच्या चार बाटल्या निथळत होते, मानेवरचे केस पांढरे, कॉलरला घरच्या शिवणीचा टाका. ‘काका,’ ती म्हणाली.

आवाज स्पष्ट होता. सुरुचीने वर पाहिलं, सरांनी पाहिलं. धोंडूकाकांनी पाहिलं नाही. ते बाटल्या निथळत राहिले. ह्या खोलीत त्या नावाचं कोणी नव्हतं. तिने एक पाऊल पुढे टाकलं आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, ‘धोंडूकाका!’

आता त्यांनी मान वळवली. तिच्याकडे नाही, दाराकडे. मॅडमचे कोणी काका आलेत वाटतं, अशा नजरेने त्यांनी दाराबाहेर डोकावून पाहिलं. मग ओले हात तसेच वर धरून, येणाऱ्याला वाट मिळावी म्हणून, ते जरा बाजूला सरकून उभे राहिले.